शेवटचे हलके ठोके

सोलापुरात रुद्रप्पा लोहाराचा ऐरणीवरचा हात बघायला जाणारे-येणारे थबकत. कारखाना म्हणायचा, पण होती पत्र्याची शेड, एक भट्टी आणि मानसिंग नावाचा तरुण इंजिनिअर मालक.

मैंदर्गीच्या रुद्रप्पाचा जन्म लोखंडात गेलेला. पंचाहत्तर साली मालकानं ॲल्युमिनियम हाती दिलं, तेव्हा तो चिडलाच. तापूनही लाल होत नाही, त्या धातूचा भरवसा काय धरायचा? पण गडी हट्टी. गरम तुकड्यावर साबणाची वडी ओढायची आणि रेघ काळवंडली की ताव आला समजून घण उचलायचा, हे त्यानं दिवाळीच्या आत हातात बसवलं.

यंत्रमागावर आडवं सूत नेणारा धोटा फेकणारे दांडे घडवायचे होते. एका गिरणीनं नमुने मागवले होते. ते टिकले तर शेड चालणार, नाहीतर कुलूप. पहिले नमुने मागावर चढले आणि टोकाशीच तडकले.

मालकानं एक दांडा कापून घासला, कॉस्टिकच्या पाण्यात बुडवला आणि भिंग रुद्रप्पाला दिलं. धातूचे कण उघडे पडले होते. दांड्याच्या पोटात रव्यासारखे बारीक, टोकाला मात्र जोंधळ्यासारखे टपोरे.

"गरम असताना दणकून ठोकलं की कण बारीक राहतात," मालक म्हणाला. "निवत आल्यावर हलक्या ठोक्यांनी नुसतं कुरवाळलं आणि पाणी देऊन कडक करायला परत तापवलं, की थोडेच कण शेजाऱ्यांना गिळून फुगतात, आणि तिथंच तडा जातो. पण काका, टोकाला कुरवाळतंय कोण?"

रुद्रप्पानं भिंग खाली ठेवलं. काम संपताना टोकावर हलके ठोके देऊन अंग गुळगुळीत करायचं, ही त्याच्या बापाची रीत. त्या नादासाठीच तर लोक दारात थांबत. खापर धातूवर फोडायला त्याला कुणी अडवलं नव्हतं.

"ते ठोके माझेच हायत, मालक," तो म्हणाला. "धातूचा दोष न्हाय."

हे बोलायला छाती लागते, आणि ती त्याच्याकडे होती. पण उभ्या जन्माच्या हाताला कोण समजावणार?

दुसऱ्या दिवशी घण दणादण पडले, दांडा आकाराला आला. मग सवयीनं छोटी हातोडी वर गेली. मालकानं डोळेच मिटले. रुद्रप्पानं चिमट्यानं दांडा बाजूला ठेवला आणि ते ठोके रिकाम्या ऐरणीवर दिले. देताना त्याचे डोळे भरून आले होते.

ते दांडे टिकले, शेडही टिकली. काम संपल्यावर रिकामी ऐरण कशाला वाजवता, असं प्रत्येक नवा कामगार विचारी.

"बापाचं हाय ते," रुद्रप्पा म्हणे. "दांड्याला सोसत न्हाय. ऐरणीला सोसतंय की."