लिंबाजीचा चांगला पाय

हाडाच्या डॉक्टरकडे एक्स-रे साठतात. माझ्याकडे किस्सेच जास्त साठले, आणि त्यातले निम्मे एकट्या लिंबाजीचे! साखरा गावचा हा मेंढपाळ. जगात कुणावर म्हणून विश्वास नाही. दोन हजार सालाच्या आसपास माझा हिंगोलीत दवाखाना होता आणि एमआरआयसाठी नांदेड गाठावं लागे.

लिंबाजी उजव्या गुडघ्याखाली सूज घेऊन आला. एक्स-रेत हाड आतून पोखरलेलं दिसत होतं. मी म्हणालो, "आत गाठ आहे. कुठवर पसरलीय ते एमआरआयमध्ये नीट कळेल. उशीर केला तर पाय जाईल."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू गाठ मीच ठेवली होती!

"काहून? एक फोटू काढला न्हाई का? मंग त्यात तुमाला काय दिसून राहिलं?"

*

त्याची बायको गंगाबाई मात्र घाबरली. मेंढरांमागं रानोमाळ चालणारा माणूस, पाय गेला तर करणार काय? तिनं त्याला ओढतच नांदेडला नेलं. टेक्निशियन म्हणाला, "आत मोठं लोहचुंबक आहे. अंगावरचं धातूचं सगळं काढा." लिंबाजीच्या कमरेला चांदीचा करदोटा!

"करदोटा मानूस मेल्यावर काढतेत! मी जित्ता हाय!" म्हणाला आणि तडक परतीच्या एसटीत बसला.

*

पुढच्या खेपेला गंगाबाईनं आधी त्याच्या कमरेला काळा दोरा बांधला, मगच चांदी उतरवली. मशीन धडधडायला लागलं तसा लिंबाजी आतून ओरडला, "गंगे, करदोटा मुठीत धर! मला काहून कोंडलं ते आता कळलं!"

*

रिपोर्ट आला. गुडघा ठणठणीत!

मला शंका आली. गुडघ्याखाली नुसतं दाबलं तरी लिंबाजी कळवळत होता. फिल्म पुन्हा उजेडात धरली, तर ती डाव्या पायाची! चिठ्ठीत मी उजवा लिहिला होता.

"डावा काहून दाखवला रे बाबा?"

"डॉक्टरसाब, बाजारात बकरं इकणारा खोट सांगतो का? घेणाऱ्यानं हुडकायची. मशीनला दुखरा पाय दाखवला, तर ते गाठ हाय म्हणणारच! म्हणून आधी चांगला दिला. त्या मशीनवाल्या पोराला म्हणलं, चिठ्ठीत डॉक्टर चुकला."

"मग?"

"मशीन इमानदार निघालं! आता उजवा दाखवू."

मला असा संताप आला, की त्याचा चांगला पायही मोडावासा वाटला. गाठ काय ह्याची परीक्षा संपेपर्यंत थांबणार होती?

*

थांबली होती, नशीब त्याचं. उजव्या पायाच्या एमआरआयमध्ये गाठ हाडातच दिसली. सांध्यात शिरली नव्हती. तुकडा काढून तपासला, कॅन्सर नव्हता. औरंगाबादचे सर्जन म्हणाले, गाठ खरवडून काढू, पाय वाचेल. माझा जीव भांड्यात पडला.

ऑपरेशनच्या सकाळी त्याच सर्जनचा फोन आला. आवाज वैतागलेला.

"अहो, भूल देण्याआधी आम्ही प्रत्येक पेशंटला विचारतो, कुठल्या पायाचं ऑपरेशन? तुमचा लिंबाजी दोन्ही पाय चादरीखाली घेऊन बसलाय."

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, तुमीच वळखा!"