अळंब्याच्या कॅप्सुली

कणकवलीच्या स्टँडसमोरच्या औषधांच्या दुकानातला तो माणूस कधी हसायचा नाही. चिठ्ठी नाकाशी धरून वाचायचा आणि प्रत्येकाला विचारायचा, "ह्या औषधाबरोबर आणि काय काय घेतास?" लोक वैतागायचे, मीसुद्धा.

हृदयाची झडप बदलल्यापासून वडिलांना रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची होती. एकदा ती आणायला दोघे गेलो, तेव्हा त्याला वडिलांच्या हातावरचे काळेनिळे डाग दिसले.

"बाबानू, आणि काय घेतास?"

"अळंब्याच्यो कॅप्सुली. जावयान दिल्यान. झाडपालोच तो."

"त्या अळंब्यानसुद्धा रक्त पातळ होव शकता. दात घासताना रक्त येता?"

वडिलांनी हळूच मान डोलावली. येत होतं; घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

भर गर्दीत त्याने शटर ओढलं आणि आम्हांला स्वतः डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत रक्त फारच पातळ निघालं. कॅप्सुली बंद झाल्या, हळूहळू डागही गेले.

त्या कॅप्सुली गावोगाव विकणारे माझे मेहुणे त्याच्याशी भांडायला गेले.

"कॅप्सुली खुशाल इका," तो म्हणाला, "पण कोणाक कसली गोळी चालू आसा, ता इचारल्याशिवाय देव नका."

मेहुणे घरी आले आणि ज्यांना ज्यांना डबी दिली होती, त्यांना एकेक करून फोन लावत बसले.