अप्पांचा माइक चालू होता

मी घर सोडलं त्या सकाळी अप्पांनी माझी बॅग गाडीत वर ठेवली, खाली उतरून खिडकीशी आले आणि म्हणाले, "पोचलीस की फोन कर." एवढंच. गाडी हलायच्या आधीच ते पाठ फिरवून दुकानाच्या रस्त्याला लागले. अहमदपूरच्या स्टँडवर शेवटपर्यंत थांबली ती आई. "डबा आधी खा, मग झोप," असं ती गाडीच्या आवाजावर आवाज चढवून सांगत होती.

अप्पांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. मोठा भाऊ महेश त्याआधीच नोकरीसाठी जर्मनीला गेलेला. आता डिप्लोमा झालेली मीही पुण्याजवळच्या महाळुंग्याला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी तपासणीच्या कामाला निघाले होते. म्हणजे घरात दोघंच उरणार होते. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

सुरुवातीला एका खोलीत आम्ही चौघी राहायचो. शिफ्ट, कंपनीची बस, कँटीनमधलं पातळ वरण, आणि ओव्हरटाइम नसेल त्या दिवशी नुसती झोप. पुढे चिखलीत वन-बीएचके घेतला, तेव्हा कुठे घरात माझा स्वतःचा आवाज मला ऐकू यायला लागला. आईशी रोज बोलणं व्हायचं. अप्पा मात्र फोनवर "जेवलीस का? बरं, ठेवतो" याच्या पुढे कधी गेले नाहीत. महेशशी तर तेवढंही नाही.

मग गेम आला. चार जणांनी मिळून झोंबी मारत सुटकेच्या बोटीपर्यंत पोचायचं, असा तो जुना गेम. महेश आणि मी दर रविवारी दुपारी ऑनलाइन खेळायचो. त्याची तिकडे सकाळ असायची. एका सुट्टीत घरी असताना मी महेशच्या जुन्या कॉम्प्युटरवर खेळत बसले होते. अप्पा मागे उभे. गुडघ्यांमुळे त्यांनी दुकान नुकतंच बंद केलं होतं आणि दिवस कसा घालवायचा हे त्यांना समजत नव्हतं. "अगं ते मागून यायलंय, दिसंना का तुला?" असं दोनतीनदा ओरडून झाल्यावर म्हणाले, "सरक. मी बघतो." त्या दिवसापासून आम्ही तिघं झालो. चौथा माणूस कॉम्प्युटरच चालवायचा.

खरं सांगायचं तर गेम काही फार भारी नाही. त्यात गोष्ट अशी नाहीच. तेच हॉस्पिटल, तोच पूल, तीच बोट. बंदुका बदलल्या तरी आवाज एकच. कॉम्प्युटरचा तो चौथा गडी इतका मठ्ठ की दारातच अडकून राहतो आणि आपल्यालाही अडवतो. शिवाय खेळ मध्ये थांबवता येत नाही. दारावरची बेल वाजली तरी झोंबी वाट बघत नाहीत. आणि सगळे मेले की तो डावच बंद होतो, त्याबरोबर एकमेकांचे आवाजही जातात. याचा आम्हाला सगळ्यात जास्त राग यायचा.

पण एकट्याने त्यात कुणी जगू शकत नाही. पडलात की पडूनच राहता. दुसऱ्याने येऊन हात दिला तरच उठता. त्यामुळे सतत बोलावं लागतं. गोळ्या संपल्या, औषधाची पेटी तुम्ही घ्या, पुढं जाऊ नका, थांबा, मी आले. ज्या अप्पांना फोनवर दोन वाक्यं जड जायची, ते इथे तासभर बोलायचे. तेच ते रस्ते खेळून महेश कंटाळायचा. अप्पा नाही. "रस्ता पाठ असला की गप्पा मारायला बरं पडतं," म्हणायचे. झोंबी मारता मारताच त्यांनी महेशला पहिल्यांदा विचारलं, "तिकडं थंडी सोसती का रे तुला?"

माइक बंद करायला अप्पा कधी शिकलेच नाहीत. त्यामुळे चिखलीत माझ्या कानात सगळं घर यायचं. मिक्सर, भंगारवाल्याची हाळी, आईचं "अहो, शुगरची गोळी घेतलीत ना, वाढू का?" भुंकणं ऐकून महेश एकदा मध्येच म्हणाला, "अप्पा, वाण्याच्या दारातलं ते कुत्रं अजून हाय?"

एका रविवारी आई शेजारच्या गल्लीत बारशाला गेली होती. जाताना कुकर लावून, शिट्ट्या झाल्या की बंद करा, असं अप्पांना सांगून गेली होती. आम्ही पुलावर होतो. अप्पांचा गडी चालता चालता थांबला.

"अप्पा, चला की," मी म्हणाले. उत्तर नाही. कुकरची शिट्टी झाली. पुन्हा झाली. पुन्हा.

"वैशू," महेश म्हणाला, "कुकर कुणी बंद का करंना?"

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि जड श्वास. मी आईला फोन लावला. रिंग माझ्या हेडफोनमध्येच वाजली. फोन ती घरीच विसरून गेली होती.

"शोभाकाकूंना लाव," महेश म्हणाला. "मी हितं बघतो. डाव बंद झाला तर मला काहीच ऐकू येणार नाही."

शोभाकाकू आमच्या शेजारच्या. त्यांनी फोन उचलला, माझं अर्धं वाक्य ऐकलं आणि धावल्या. फाटक वाजलं. चपला वाजल्या. "अप्पा? ओ अप्पा!" कुकर गप्प झाला. मग काकू फोनवर सांगायला लागल्या, "घामानं नुसते भिजलेत गं. डोळे उघडे हायेत, पण बोलंनात."

"काकू, शुगरची गोळी घेऊन जेवले नसतील. गिळता येतंय का बघा आधी. येत असेल तर साखरेचं पाणी द्या."

स्क्रीनवर मी केव्हाच आडवी झाले होते. महेश एकटा अप्पांच्या गड्याभोवती फिरत होता, समोरून येणाऱ्या प्रत्येकाला मागे ढकलत होता. माझ्या हातात निदान फोन होता. त्याच्याकडे घराशी जोडणारा तो डावच तेवढा होता. त्याच्या कीबोर्डची खडखड ऐकू येत होती.

पेल्यात चमचा फिरला. काकू "घ्या, अजून एक घोट" म्हणत राहिल्या. बऱ्याच वेळाने अप्पांचा आवाज आला, बारीक, पण त्यांचाच.

"मेलो का मी?"

मग महेश म्हणाला, "नाही अप्पा. उभे आहात अजून." आणि त्याला रडू फुटलं. त्याचे हात कीबोर्डवरून निघाले असावेत, कारण झोंब्यांनी आमचा सगळ्यांचा फडशा पाडला आणि डाव बंद झाला. फोनवर काकू विचारत होत्या, "हे कुणाशी बोलायलेत गं?" मला हसू आवरेना.

डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या. शुगर एकदम उतरली होती, बाकी काही नव्हतं. आता आई अप्पांना जेवल्याशिवाय कॉम्प्युटरपुढे बसू देत नाही.

त्यानंतर महेशने आणि मी आई-अप्पांना माझ्याकडे चिखलीला आणायचं ठरवलं. अप्पांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तुमच्या तिकडं आल्यावर धावत येणारं कोण हाय? लिफ्टमधल्या माणसाला माझं नाव तरी म्हाईत हाय का?" चिखलीत माझ्या समोरच्या दारातली माणसं मला त्यांच्या पार्सलांवरच्या नावांवरूनच माहीत होती. दुसऱ्या दिवशी शिफ्टवरून आल्यावर मी ती बेल वाजवली, माझं नाव सांगितलं आणि नंबर देऊन आले. आतल्या वहिनींनी चहा केल्याशिवाय सोडलं नाही.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, इतकी वर्षं मला वाटायचं की मी उठून आले ती जागा तिथे रिकामी पडली असेल. मागच्या सुट्टीत गेले, तर माझ्या खाटेवर काकूंच्या कुरडया वाळवून ठेवलेल्या आणि कपाटात त्यांच्या नातीची पुस्तकं. आई ओशाळली. "तुला आता कुठं झोपवू गं?" मी पुढच्या खोलीत सतरंजी टाकली. स्वयंपाकघरात आई आणि काकू कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होत्या. माझ्याविषयी एक शब्द नव्हता. त्यांचं बोलणं ऐकता ऐकता मला गाढ झोप लागली.