बेबीकाकूंची अंधाराची दुर्बीण

दिवेलागणीनंतर वावरात निघालेल्या बेबीकाकू घरामागच्या विजेच्या खांबाशी थांबत, दिव्याकडे पाठ करत आणि डोळे मिटून उभ्या राहत. पाहणाऱ्याला वाटे, बाई देवाचं नाव घेते आहे. हिंगणीत त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "देवाचं नाव कायचं रे बाबू! डोये अंधाराले लावून राह्यली. उजेडातून एकदम अंधारात गेलं का डोये बावचळतेत. त्यायले जरासा टाइम द्या लागते."

काकू ठेंगण्या, काटक होत्या. लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवत आणि पलीकडच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, माणूस बहिरा आहे असं समजून बोलत. घरामागे त्यांचं वावर सुरू व्हायचं. वांगी, भेंडी, कोबी आणि खालच्या अंगाला भुईमूग. वावर संपलं की नाला आणि नाल्यापलीकडे बोर धरणालगतचं जंगल. रानडुकरं नाला ओलांडून यायची आणि भुईमुगात अशी नांगरट करून जायची की सकाळी बघवत नसे. रात्रभर जागल केल्याशिवाय पीक हाती लागायचं नाही.

जागल काकू करत. त्यांचे यजमान उत्तमराव दिवसभर दोघांचं काम एकट्याने उरकणारा माणूस, पण त्यांना रातांधळेपण होतं. सूर्य कलला की ते अंगणातल्या खाटेवर येऊन बसत आणि सकाळपर्यंत तिथून फारसे हलत नसत. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्याच्या आतला पडदाच अधू आहे, घराण्यातून आलेला आहे, चष्म्याने भागणार नाही. गावात थट्टा चालायची की उत्तमरावाचा दिवस सरकारी हापिसासारखा, संध्याकाळी कुलूप. उत्तमरावही हसत. लग्न झाल्यावर काही महिन्यांतच काकूंनी हातात काठी घेतली होती. एकटीला भीती वाटत नाही का, असं कोणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "अंधार माणसाले खात नाई. खाते ते रानडुक्कर, अन् ते बी भुईमूग."

एका हिवाळ्यात नाल्यापलीकडे वाघाने कोणाचा तरी गोऱ्हा मारला. त्यानंतर शेजारच्या वावरातले पुरुष जोडीने जागलीला जाऊ लागले. काकू एकट्याच जात राहिल्या. बॅटरीचा त्यांना भरवसा नव्हता. त्या म्हणत, "बॅटरी लावली का आपल्याले हातभर दिसते, अन् आपण साऱ्या जंगलाले दिसतो."

धरणाजवळच्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात त्यांची भाजी जायची. तिथे उतरलेल्या एका पाहुण्याने एका संध्याकाळी त्यांना आपल्या दुर्बिणीतून बघू दिलं. झाडीत गडद अंधार होता आणि काकूंना त्यात ससा दिसला. घरी न जाता त्या टोपली घेऊन थेट माझ्याकडे आल्या. "बाबू, तुया मोबाइलवर पाय बरं, अंधाराची दुर्बीण कुठी भेटते?"

मी सेलूला सरकारी कचेरीत नोकरी करतो. घरात इंटरनेट होतं एवढंच माझं भांडवल. दुर्बिणीतलं मलाही काही कळत नव्हतं. आम्ही दोघे ओसरीत बसून फोटो बघत राहिलो. काकूंना सगळ्यात मोठी नळी आवडली. दूरवरचं जवळ दिसेल, असं खाली लिहिलं होतं, किंमतही आवाक्यातली होती. मी मागवली. पार्सल आलं तेव्हा त्या दिवसा माझ्या गच्चीवरून धरणाची भिंत बघून खूश झाल्या. अंधार पडल्यावर मात्र त्या दुर्बिणीत काहीच दिसेना. काचेला हिरवा रंग दिला होता, बाकी ती जत्रेत मिळते तशी साधी दुर्बीण होती. "हे तं हिरवं आंधयेपन झालं," काकू म्हणाल्या आणि खो खो हसत सुटल्या. खाटेवरून उत्तमराव म्हणाले, "मले इचारलं असतं तं सांगितलं असतं. आंधयेपनाचा अनुभव घरात मलेच हाय." दुर्बीण परत गेली.

त्यानंतर आम्ही घाई केली नाही. मी रोज थोडं थोडं वाचायचो आणि सांगायचो. काकू भाजी निवडता निवडता ऐकायच्या. एक जात शरीराची ऊब टिपते. झुडपामागचं जनावरही त्यात पांढरं उमटतं, पण तिची किंमत ऐकून काकूंनी कानांवर हात ठेवले. "जाऊ दे, तेवढ्यात जोडी येते बैलाची." दुसरी जात स्वस्तातली. तिच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारा दिवा असतो, तो समोर पडतो आणि आत छोट्या पडद्यावर काळंपांढरं चित्र उमटतं. सुरुवात करणाऱ्याने हीच घ्यावी, असं जिथे तिथे लिहिलेलं होतं. आता त्यातली कोणती, एवढंच ठरवायचं होतं.

त्यासाठी आम्ही नागपूरला गेलो. दुकानदार चांगला माणूस होता, पण दूरचं किती मोठं दिसतं यावरच त्याचा जोर होता. त्याने दुकानातले दिवे घालवले. काकू म्हणाल्या, "भाऊ, दरवाजातून रस्ता दिसून राह्यला. हा कायचा अंधार?" शेवटी मागच्या गोदामात दार लावून त्यांनी एकेक दुर्बीण डोळ्याला लावली. मला समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "हाल. इकडे जा. तिकडे जा." मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीत मी त्यांना सापडेनाच. नुसता माझा कान दिसे, तोही पळता. कमी मोठं दाखवणाऱ्या एका साध्या दुर्बिणीत मी पायापासून डोक्यापर्यंत दिसलो, माझ्या दोन्ही बाजूंची खोकीही दिसली. "हे घ्या," त्या म्हणाल्या. "डुक्कर कुठून येते ते पह्यले समजलं पाह्यजे. त्याच्या मिश्या मोजाच्या नाई हायेत आपल्याले." सेल गावात मिळतात ना, गळ्यात अडकवायला पट्टा आहे ना, शर्टाच्या खिशात मावते ना, एवढं बघून त्यांनी ती घेतली. दुकानदाराने आपणहून एक गोष्ट सांगितली. दिव्याचे दोन प्रकार आहेत. एक लांबवर पडतो, पण समोरून बघणाऱ्याला बारीक लाल ठिपका दिसतो. दुसरा अजिबात दिसत नाही, मात्र जवळच पुरतो. काकूंनी न दिसणारा निवडला. वाघाला ठिपका दाखवण्याची त्यांची इच्छा नव्हती.

ती दुर्बीण वापरणं एका दिवसात जमलं नाही. धुक्याच्या संध्याकाळी समोर नुसती पांढरी भिंत दिसायची. खिडकीच्या काचेतून बघितलं की दिव्याचा उजेड काचेवरूनच परत फिरायचा. दुर्बिणीवरून डोळा काढला की मघाशी अंधाराला लावलेला तोच डोळा पुन्हा बावचळायचा. म्हणून त्या डाव्या डोळ्याने दुर्बिणीतून आणि उजव्याने वाट बघायला शिकल्या. आजूबाजूचे शेतकरी, एकदा तर पार लांबच्या वडनेरहून एक जण, कोणती घ्यावी हे विचारायला येऊ लागले. काकू त्यांना चहा पाजत आणि आधी आपली हिरवी फजिती सांगत. मग म्हणत, "दिसलं पाह्यजे, दाखवाले नाई पाह्यजे. अन् घ्याच्या आधी खऱ्या अंधारात पाहून घेजो."

मी जी गोष्ट सांगायला बसलो ती यानंतरची आहे.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी मी उत्तमरावांच्या गच्चीवर वाळत घातलेला भुईमूग गोळा करायला हात लावत होतो. उत्तमराव जिन्याजवळ भिंतीला टेकून बसले होते. अंधार पडल्यावर काकू विहिरीवरची मोटार बंद करायला खाली गेल्या होत्या. लगेच परत यायचं म्हणून दुर्बीण गच्चीवरच पोत्यावर राहिली होती. उत्तमरावांच्या हाताला ती लागली. आजवर त्यांनी ती कधी मागितली नव्हती. मी ती सुरू करून त्यांच्या डोळ्याला लावून दिली. दुर्बिणीतला छोटा पडदा उजेडाचा असतो, त्यामुळे त्यांना तो दिसत होता. त्यांनी हळूहळू मान फिरवली. गोठा, कडब्याची गंजी, वांग्याचे वाफे. "इथं एवढं सारं रायते रात्रीचं?" ते म्हणाले. मग त्यांची मान विहिरीच्या दिशेला थांबली.

बऱ्याच वेळाने त्यांनी दुर्बीण माझ्याकडे दिली. "पाय बरं. मले जे दिसून राह्यलं तेच तुले दिसते का?"

मोटार बंद झाली होती. काकू विहिरीच्या अलीकडे वाटेवर उभ्या होत्या. पदराचा बोळा तोंडाशी धरला होता, दुसऱ्या हातात काठी घट्ट आवळली होती. पुढे दोन पावलं टाकत आणि थांबत. मागे वळून नाल्याकडे बघत. परत वळत. एकदा तर खाली बसल्या, काठी छातीशी धरून. आजूबाजूला काही नव्हतं. मी सगळीकडे बघितलं. एकही जनावर नव्हतं. काकूंना नुसती भीती वाटत होती.

गच्चीखालच्या दिव्याच्या उजेडात शिरण्याआधी त्यांनी पदर नीट केला. मग नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "अवं, भुईमूग भरला का नाई अजून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीला निघालो होतो तेव्हा दोघांचं बोलणं कुंपणावरून ऐकू आलं. उत्तमराव म्हणत होते, "आजपासून मी येतो जागलीले."

"तुमी काऊन? धुऱ्यावरून पडान अन् मलेच उचला लागन."

"तू माहा हात धरजो. दुर्बीण मी धरीन. मले त्याच्यात दिसते."

"मी काय एकटी भेतो का?"

"म्या पाह्यलं काल," ते म्हणाले.

काकूंनी भांडी आपटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "स्वेटर घालून याचं. थंडी लय रायते खाली."

त्या दिवसापासून दोघे जोडीने जात. वाटेवर काकू पुढे, उत्तमरावांचा हात त्यांच्या खांद्यावर. वावरातल्या मचाणावर बसल्यावर काम उलटं होई. उत्तमराव दुर्बीण लावून बघत आणि सांगत, काकू डबा वाजवत. गावातली थट्टा काही दिवस वाढली आणि मग बंद पडली. उत्तमरावांना बघायची चटकच लागली. काकू आमच्या घरी येऊन तक्रार करत, "डुक्कर इकडे भुईमूग खाऊन राह्यलं अन् हा बुढा तिकडे घुबडाची पिल्लं पाहून राह्यला." तक्रारीत राग फारसा नसे.

असे काही हिवाळे गेले. उत्तमरावांचा आजार थांबणारा नव्हता. आधी दिवसा बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचंही धूसर झालं. एका संध्याकाळी त्यांनी दुर्बीण डोळ्यावरून काढली, सेल संपले का म्हणून विचारलं. काकूंनी घेऊन बघितलं. सेल नवे होते. त्यांनी पट्टा आपल्या गळ्यात घातला आणि म्हणाल्या, "हाव, संपलेच वाट्टे. द्या इकडे, मीच पायतो आज." दोघांनाही काय झालं ते कळलं होतं, असं काकूंनी मला पुष्कळ नंतर सांगितलं.

तरी उत्तमराव जायचे थांबले नाहीत. मागच्या हिवाळ्यात मी एकदा त्यांच्या सोबत मचाणापर्यंत गेलो होतो. काकू दुर्बिणीतून नीलगाई बघत होत्या आणि यजमानांना हळू आवाजात सांगत होत्या, "नाल्यावर दोन रोही हायेत. एक लहान हाय. आता उभं राह्यलं. आता कान हालवले." उत्तमराव मान हलवत होते. परत निघालो तेव्हा विहिरीजवळ काकू थांबल्या. आम्हीही थांबलो. पुढे काही दिसलं की काय म्हणून मी विचारलं.

"नाई रे," त्या म्हणाल्या. "इथं मले भेव लागते." मग उत्तमरावांचा हात आपल्या खांद्यावरून काढून त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि आम्ही पुढे निघालो.