सुपानं धरलेली जागा

वणीच्या आमच्या बागेत सावलीतलं लांब बाक एकच आहे. सकाळी फिरायला येणारे आम्ही रिटायर लोक त्यावर रुमाल टाकून जागा धरतो आणि मग फेऱ्या मारतो. सुपं-टोपल्या विकणारी एक बाई मात्र फाटकाबाहेर, उन्हात, नालीच्या काठावर बसायची. तिला आत यायला कोणी मनाई केली नव्हती. या म्हणूनही कोणी म्हटलं नव्हतं.

एकदा फेरी मारून आलो, तर माझ्या रुमालाशेजारी एक कोरं सूप! तेवढ्यात ती बागेतल्या नळावरून पदरानं तोंड पुसत आली.

"हे काय, बाई?" मी चिडूनच विचारलं.

"जागा धरली, भाऊ. तुम्ही रुमाल टाकता, माह्यापाशी सूप हाय."

चपला काढून, पाय वर घेऊन ती ऐसपैस बसली आणि फाटकाकडे हात करून ओरडली, "या न वं! पाहा, अठी कसं गार लागते!" बाहेरच्या दोघी भाजीवाल्या बिचकत बिचकत आल्या. मी रुमाल उचलून निघालो, तसं तिनं सूप मांडीवर घेतलं.

"चालले कायले? सरकून बसलं का सारे मावते."

सरकलो. खरंच मावलो.

हल्ली मला उशीर झाला की बाकावर तिचं सूप असतं. कोणी तिथं बसू लागलं, तर ती हात आडवा करते. "थांबा जी. भाऊची जागा हाय."