चिखलदऱ्याचे आडू

माझे बाबा फौजेत होते. त्यातली काही वर्षं ते रानीखेतला होते. त्यांच्या बराकीमागे आडूची झाडं होती. आपण ज्याला पीच म्हणतो, त्याला बाबा कायम आडूच म्हणत. झाडावर पिकलेला आडू चावला की रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो, आणि खाल्ल्यावरही तासभर हाताला वास राहतो, असं ते सांगत.

आई गेल्यावर बाबांचं जेवणावरून मन उडालं. ताटात येईल ते मुकाट्याने खायचे, अर्धं ठेवायचे. काय करू तुमच्यासाठी, असं मी एकदा फारच खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "आडू भेटला तं पाह्य." त्यांनी काहीतरी मागितलं याचाच मला इतका आनंद झाला, की दुसऱ्याच दिवशी शाळेत शिकवून झाल्यावर मी शोधायला निघाले.

अकोल्यात पीच मिळत नाहीत असं नाही. मिळतात, जाळीच्या टोपीत बसवलेले, गालाला लाली लावल्यासारखे. आणून कापले की आत कोरडे. दोन उन्हाळे मी असे पीच आणून फेकले. शेवटी जुन्या शहरातल्या एका म्हाताऱ्या फळवाल्याने मला हटकलं. "बाई, कायले घेता? हा माल कच्चा तोडते अन् बर्फात ठेवते. तो पिकत नाई, नुसता नरम होते. मी इकतो, पण घरी नेत नाई."

हे सगळं मी अमरावतीच्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं. बी.एड.ला आम्ही एका खोलीत राहत होतो. माझी आई आजारी असताना तीच माझ्यासोबत दवाखान्यात बसली होती. ती हसली. "अवं, आमच्या चिखलदऱ्याच्या घरी दोन झाडं हायेत ना पीचची. सासऱ्यांनी लावले होते. मे महिन्यात पाठवतो तुले."

आणि तिने पाठवले. खोक्यात आडूची पानं अंथरलेली, प्रत्येक फळ वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. बाबांनी एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "असाच होता." मी एक फोड खाल्ली. मला विशेष काही वाटलं नाही, पण खरा आडू मी कुठे खाल्ला होता? तीन उन्हाळे ते खोकं आलं. तिन्ही वेळा मी शाळेत सगळ्यांना सांगितलं.

चौथ्या मे महिन्यात शाळेतल्या बायकांची चिखलदऱ्याला सहल निघाली. बाबांना म्हटलं, चला, झाड दाखवते. ते गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाले, "तू जाय. काही पाहाले नोको जाऊ तिथं, आराम कर." मला ते तेव्हा विचित्र वाटलं नाही.

मैत्रिणीचं घर सापडायला वेळ लागला नाही. घर सांभाळणारी बाई अंगण झाडत होती. मी झाडं विचारली, तिने दाखवली. एक वाळून खोड उरलं होतं, दुसऱ्याला पानं होती.

"यंदा फळं नाही लागली?"

"फळ कधीच नाई टिकलं बाई. फुल येते, गळून जाते. राह्यलं सुपारीएवढं, तं वानेरं खाते." मग आठवून म्हणाली, "मॅडम दरसाल पानं तेवढे मागवते. कायले, कोण जाणे."

परतताना मी अमरावतीला बसमधून उतरले आणि थेट मैत्रिणीच्या दारात गेले. तिने पाणी आणलं, मी घेतलं नाही.

"कुठून आणत होतीस?"

ती समजली. खाली बसली. "नागपूरहून. पहिल्या वर्षी वानरांनी सगळे नेले. तू रोज फोन करून विचारे. मले नाही म्हणवलं नाही."

"आणि पुढची दोन वर्षं?"

"तुझ्या बाबांनीच फोन करून सांगितलं, पाठवत राहा म्हणून. त्यांना पहिल्याच वर्षी समजलं होतं."

घरी आले तेव्हा बाबा दारातल्या खुर्चीवर बसले होते. मी चप्पलही काढली नाही. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच फोडीले. आतून कापूस."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू माह्या तोंडाकडे पाहत बसली होती," ते म्हणाले. "मले ते गोड म्हणणं भाग होतं."

मला राग आला तो फळांचा नव्हता. ज्या दोघांवर मी डोळे झाकून विसंबत होते, ते दोघं तीन वर्षं माझ्यामागे एकमेकांशी बोलत होते. मला सांभाळत होते, एखाद्या हट्टी पोराला सांभाळावं तसं. वानरांनी फळं नेली एवढं एक वाक्य मला पेलवलं नसतं, असं दोघांनीही परस्पर ठरवून टाकलं होतं. आणि ती पानं. खोटं बोलायला जीभ पुरते, पण पानं मुद्दाम मागवावी लागतात.

मैत्रिणीचे फोन येत राहिले. मी उचलले नाहीत. पुढे तिने दिवाळीला निरोप पाठवला, मी शुभेच्छांना शुभेच्छा दिल्या. तेवढंच.

बाबांशी आठवडाभराने बोलायला लागले. एका घरात किती दिवस न बोलता राहणार? पण आता ते "भाजी चांगली झाली" म्हणाले, की मी ते हात धुवायला उठेपर्यंत थांबते. मग ताटात किती उरलंय ते बघते.