मनुकाकीचा पांगुळगाडा

वाघजाईवाडीच्या केरू सुताराला कुणी मोजायची फीत दाखवली की त्याचं डोकं सटकायचं. "देवानं डोळं कशाला दिल्यात रं मग?" असं म्हणून तो समोरच्याला गार करायचा. आणि ते खोटंही नव्हतं. रहिमतपूरच्या बाजारात वीस पावलांवर उभं राहून हा पठ्ठ्या सांगायचा, "त्या गाडीच्या डाव्या चाकाचा आरा ढिला हाय." जाऊन बघावं, तर खरंच ढिला! त्याच्या हातच्या गाड्या पार कराडकडच्या कारखान्याला ऊस वाहायच्या. नांगर त्याचे, दारं त्याची, पाळणे त्याचे. गावातलं एकूण एक पोर त्यानं केलेल्या तीन चाकांच्या पांगुळगाड्याला धरूनच चालायला शिकलेलं. माणूस गुणाचा. पण डोळ्याची घमेंड म्हणजे अशी, की काय विचारू नका.

ती घमेंड उतरवली मनुकाकीनं. तेही एक शब्द वाकडा न बोलता.

मनुकाकी साठी ओलांडलेली, थोरला लेक फौजेत, धाकटा दादासो शेतावर. डोक्यावर भाकरीची पाटी, दोन्ही हात मोकळे, अशी बांधावरनं निघाली की वाटेतले बाप्ये बाजूला व्हायचे. कार्तिकात ऊसतोडीच्या गडबडीत तिचा बांधावर पाय घसरला आणि खुबा मोडला. साताऱ्याच्या दवाखान्यात पायाला वजनं टांगून दोन-अडीच महिने पडली. घरी आली तीही खाटेवरच. हाड जुळलंय, आता आधार देऊन चालवा, असं डाक्टरनं सांगितलं होतं. पण आधार कसला, ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

आता खरी अडचण सांगतो. गावात संडास नव्हता. सगळ्या बाया तांब्या घेऊन घाणेरीच्या कुंपणामागं जायच्या. मनुकाकीला दादासो पाठुंगळी घेऊन जायचा. लेक चांगला, कधी कुरकुरला नाही. पण जन्मभर ज्या बाईनं कुणाला पदर ढळलेला दिसू दिला नाही, तिनं चाळीशीला आलेल्या लेकाच्या पाठीवर बसून परसाकडं जायचं? तिनं पाणी पिणंच सोडलं. सुलाबाई, तिची सून, एकदा केरूच्या बायकोपाशी रडली. "आत्याबाई दिसभरात दोन घोट पाणी घेत्यात. रातची भाकरी बी नको म्हनत्यात. म्हनत्यात, आत गेलंच न्हाई तर भाईर जायाची पाळी येत न्हाई. अशानं त्या ऱ्हायच्या न्हाईत वं."

दादासोच्या डोक्यात एक युक्ती आली. तो केरूकडं आला. "तात्या, ल्हान पोरं पांगुळगाड्यावर चालाय शिकत्यात. आईला एक मोठा करून द्या की."

केरूला ते इतकं पटलं की त्यानं हातातलं काम खाली टाकलं. बाभळीचा दणदणीत गाडा केला. तीन चाकं, कण्यांना एरंडेल पाजलेलं, बोटानं ढकलला तरी सुसाट. माप? माप डोळ्यातच होतं की. मनुकाकीला काय तो आज बघत होता?

गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर गाडा दारात आणला. सणाचा दिवस, त्यात सासूबाई उभ्या राहणार, म्हणून सुलाबाईनं अख्खं अंगण शेणानं नुकतंच सारवलेलं. आळी जमली. चाकांना हळदकुंकू लागलं. दोघांनी मनुकाकीला उभी केली, तिनं दांडा धरला. दांडा आला तिच्या छातीशी! केरूच्या डोळ्यांतली मनुकाकी पाटी घेऊन चालणारी होती. ही पाच महिने खाटेवर पडून वाकलेली. तिनं भार टाकला मात्र, ओल्या सारवणावरनं गाडा भुर्रकन पुढं गेला आणि मनुकाकी तोंडावर आपटली.

कपाळाला खोक पडली, मनगट सुजलं. नशीब, खुबा शाबूत राहिला. कुणी हसलं नाही. मनुकाकीनं पदरानं रक्त पुसलं आणि केरूकडं बघून म्हणाली, "तुझ्या गाड्यात खोट न्हाई रं केरू. पळतोय झ्याक."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. केरू घरी आला तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी टोपी घालून सरळ एस. टी.नं साताऱ्याला गेला आणि दवाखान्यात त्या डाक्टरपुढं उभा राहिला. सगळं सांगितलं. डाक्टरनं कपाळाला हात लावला. "अरे, पोराचं वजन ते काय, आणि पोर पडलं तर उठतं. ही बाई गाड्यावर सगळा भार टाकणार. चाक भाराखालून पळणारच! तिला चार पायांची घोडी पाहिजे, जागची न हलणारी. उचलायला हलकी. आणि तू माप कसं घेतलंस?"

"डोळ्यानं."

"ती उभी असताना?"

डाक्टरनं त्याला उभं करून दाखवलं. हात सैल सोडायचे, मनगटाचं हाड जिथं येतं तिथं मूठ. म्हणजे कोपर किंचित वाकतं आणि भार नीट पडतो. आधी घोडी पुढं, मग दुखरा पाय, मग धड पाय. पायांना खाली रबर. ओल्या जमिनीवर अजिबात नाही. आणि अजून एक, उकिडवं बसायचं नाही.

परतीच्या वाटेवर केरू गाडीच्या खिडकीतनं माणसं बघत होता. चालणारी. जन्मात पहिल्यांदा बघत होता म्हणा ना! म्हातारा चालतोय, पोर चालतंय, बाई कडेवर लेकरू घेऊन चाललीय. एक पाय उचलला की माणूस पडायलाच लागतं, आणि दुसरा पाय बरोब्बर वेळेला येऊन त्याला झेलतो. दर पावलाला. आणि कुणाला त्याचा पत्ताही नाही! केरूच्या अंगावर काटा आला. चाक जोडायचं म्हटलं तर त्याला आठ दिवस लागायचे आणि इथं रस्त्यानं जाणाऱ्या साध्या माणसात केवढं मोठं काम भरून ठेवलंय देवानं. "आरं तिच्या मारी," तो मोठ्यानं म्हणाला. शेजारचा माणूस दचकून सरकून बसला.

घरी येऊन त्यानं उजव्या गुडघ्याला काठी बांधली आणि अंगणात चालायला लागला. आपटला. परत चालला, परत आपटला. कोणत्या बाजूला तोल जातो, हात कुठं आधार शोधतो, ते बघत होता. त्याची बायको लक्ष्मीबाई चुलीपुढनं ओरडली, "आवं, याड लागलं का काय तुमास्नी?"

"व्हय, लागलंय," केरू म्हणाला, "लय उशिरा लागलं."

तिसऱ्या दिवशी तो रहिमतपुरातनं फीत विकत घेऊन मनुकाकीच्या दारात गेला. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. "आता कशाला माप? ऱ्हाऊ दे."

"काकी, उठा," केरू म्हणाला. "उभ्या ऱ्हावा. मी तुमास्नी उभं न करताच गाडा केला, तितंच चुकलं. पडल्याल्या मानसाचं माप तिरडीला घेत्यात."

सुलाबाईनं तोंडावर हात धरला. दादासोचे कान तापले. पण मनुकाकी हळूच वळली. तिच्या खोक पडलेल्या कपाळाखाली डोळे लकाकले आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा ती हसली. "मेल्या, जिभंला हाड हाय का तुज्या? धरा रं मला."

दोघांनी धरली. केरूनं गुडघ्यावर बसून मनगटापासनं भुईपर्यंत फीत सोडली. पण आकडा बघायचा विसरून तो तिच्या पावलांकडंच बघत राहिला. ती भेगाळलेली पावलं थरथरत होती, बोटं भुई धरू बघत होती. उभं राहायला एवढी खटपट लागते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं नकळत त्या पावलांना हात लावून नमस्कार केला.

घोडी केली शिवणीच्या लाकडाची, हलकी आणि चिवट. खाली ट्रकच्या टायरचे तुकडे, खिळे कडेनं मारलेले, म्हणजे भुईला लागणार नाहीत. मुठींना गोधडीची चिंधी. मग दादासोला घेऊन तो घाणेरीच्या कुंपणापर्यंतची वाट दोनदा चालला, दगड काढले, खड्डे बुजवले. कुंपणामागं उसाच्या पाचटाचा आडोसा उभा केला आणि आत मधोमध भोक पाडलेला गुडघ्याएवढा उंच चौरंग पक्का रोवला. सुलाबाईला म्हणाला, "ह्या वाटंवर सारवायचं न्हाई. अंगनात सारवलं तर वाळंपातूर काकीला उठवायचं न्हाई."

"दारात पानी-शेन न्हाई? लोकं काय म्हनतील?"

"म्हनू द्यात!" आतनं मनुकाकी कडाडली.

चार दिवस नुसती दारात उभी राहायचा सराव झाला. पाचव्या दिवशी, उन्हं कलताना, ती निघाली. घोडी पुढं, टेकली. दुखरा पाय, मग धड पाय. केरू मागं, हात पसरून, पण न लावता. त्याच्या मागं तांब्या घेतलेली सुलाबाई. अंगणात लोक श्वास धरून उभे. अर्ध्या वाटेत ती थांबली. दादासो पुढं झाला, तशी केरूनं त्याला डोळ्यानंच अडवलं. थांबणं म्हणजे पडणं नव्हे, हे आता त्याला कळलं होतं. ती दम खाऊन परत निघाली. घोडी, पाय, पाय. केरूच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि त्याला पुसायचं भान नव्हतं. देवळात पालखीपुढंही तो कधी असा हरखला नव्हता.

कुंपणापाशी मनुकाकी थांबली. तिनं मागं वळून बघितलं नाही.

"सुले, तू तितंच ऱ्हा, हाक मारली तर ये. पाठ कर. आन् बाकीचं फिरा मागं. जावा आपापल्या कामाला."

दादासो फिरला. अंगणातली सगळी आळी फिरली. केरूही फिरला. पाठीमागं घोडी टेकल्याचा आवाज, मग पाय घासल्याचा, मग पाचट सळसळलं. मग काहीच नाही. दादासो अंगणाच्या कडेला बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. केरूचा जीव कानात आला होता.

"केरू," आडोशामागनं खणखणीत आवाज आला, "गेलास का न्हाई रं अजून?"

"चाललो काकी," केरू म्हणाला, आणि मागं न बघता घराकडं निघाला.